टोमॅटोंचा चार्ज

१२ मे
वहीची माफी मागून सुरुवात करतो. थंडीभर हात लावला नाही. बोटं दुखत होती, आणि अमेरिकेतल्या या बॉथेलच्या पावसात लिहिण्याजोगं काही घडतही नव्हतं. आज मुलानं सार्वजनिक बागेत वाफा घेऊन दिला. मेथी पेरली. उगवते की नाही, काळजी. शेजारच्या वाफ्यात एक म्हातारे टोमॅटो लावत होते. माझ्यासारखेच परदेशी. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून गप्पा छान जमल्या. "पाणी कमी घाला," म्हणाले. "मेथी बुडेल."

३० मे
नातीनं, मीरानं, फोनवर त्यांचा फोटो दाखवला. "आजोबा, तुमचा गार्डन फ्रेंड प्रेसिडेंट होता! इंटरिम."
"म्हणजे?"
"टेम्पररी."
म्हणजे हंगामी. देशाचं नाव लिहीत नाही, वही कुणाच्या हाती पडेल. तिथं पोरांनी क्रांती केली, हुकूमशहा पळाला, निवडणुकीपर्यंत या भूमितीच्या मास्तरांना खुर्चीत बसवलं. सात महिने. पुढे लोक म्हणाले, तुम्हीच राहा. हे नको म्हणाले. चार्ज दिला आणि पायी घरी गेले.
मी कलेक्टर कचेरीत नऊ वर्षं हंगामी शिपाई. कायम व्हायला कुणाकुणापुढे हात जोडले! आणि हा माणूस... जेवण गेलं नाही.

१ जून
साहेबांशेजारी बाकावर बसवेना. "गुडघे दुखतात ना तुमचे? बसा की." बसलो, टोकाला.
"तेव्हा भीती वाटायची?"
"रोज. बाहेर गर्दी ओरडायची, जुन्या सरकारच्या लोकांना फाशी द्या. कागद तयार. मी सही केली नाही. खिडकी लावून घेतली."
मी काय सांगणार? आमच्याकडे साहेब बदलला की चार्जची यादी कशी करतात ते सांगितलं. टाचणीपर्यंत सगळं लिहायचं, खाली दोघांच्या सह्या. फार आवडलं त्यांना.

१९ जून
तिकडे पुन्हा पोरं रस्त्यावर. साहेबांना फोनावर फोन, परत या, निवडणुकीपर्यंत खुर्ची सांभाळा. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मुलगी रडते. मला म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर साहेब पाहिलेत. मी जाऊ?"
मी ताडकन उभा राहिलो. तोंडातून गेलं, "येस सर."

२० जून
साहेबाला नाही म्हणायची जिभेला सवयच नाही. त्यांनी मित्र म्हणून विचारलं, आणि मी... तिथं काही बरंवाईट झालं तर?

२२ जून
जाऊ नका, असं सांगायलाच गेलो. त्यांनी आधी कागद पुढे केला. टोमॅटोची रोपं सहा, पुदिना एक कुंडी, झारी एक (गळकी). खाली त्यांची सही.
"सर, त्या दिवशी मी चुकून हो म्हणालो."
"ठाऊक आहे. उभे राहिलात तेव्हाच कळलं."
"मग?"
"पाणी मुळाशी घाला. पानांवर नको."
सही केली.  

९ ऑगस्ट
साहेब विमानात बसले, त्यानंतर काही नाही. मुलीलाही फोन नाही. मीरा रोज बघते. "नो न्यूज, आजोबा."
पहिला टोमॅटो लाल झाला. तोडला नाही. माझा चार्ज हंगामी आहे.
साहेब, तुम्हाला हे वाचता यायचं नाही, तरी लिहितो. कुणाकडून तरी दोन शब्द पाठवा. लवकर पाठवा. टोमॅटो फार दिवस थांबत नाहीत.