प्रिमोसाच्या वाट्याची भाकर

हाद्रुमेटम, मार्चचा मध्य

गं. भा. प्रिमोसा हिस रोगातियनमामाचे अनेक आशीर्वाद.

बदामाचा बहर गळून गेला, तरी तुझे पत्र नाही. शाळेत पोरांकडून जुन्या कविता म्हणवून घेताना तू आठवतेस. खिडकीबाहेर उभी राहून सगळ्या पाठ करायचीस, आणि आत बसलेल्या फेस्तियनला दुसरी ओळ यायची नाही. तोच आता कार्थेजला तुमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, आहे म्हणे. खलाशी सांगतात, तेलघाण्यावरच्या सिद्दिनशी तुझे लग्न ठरले आणि मोडले. मामीला वाटते, तूच भांडली असशील. खरे काय ते कळव. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा मामा

कार्थेज, मार्चअखेर

ती. मामांस प्रिमोसाचा सा. न. वि. वि.

मी भांडले नाही आणि लग्नही मोडलेले नाही. फेस्तियनने अडवून धरले आहे. प्रभुवारच्या प्रार्थनासभेत त्याने आपला लेख वाचला: विधवेचे दुसरे लग्न म्हणजे आहेर घेऊन केलेला व्यभिचार. सगळ्या बायका माझ्याकडे वळून पाहत होत्या. वर म्हणाला, माझा गेलेला नवरा कास्तुस स्वर्गात माझी वाट पाहतोय. मामा, जिवंतपणी हा माणूस एक संध्याकाळ घरी थांबला नाही. गुत्त्यातून मीच ओढून आणायची. आता मेल्यावर त्याला कसली घाई सुटली?

मी म्हटले, सिद्दिनही विधुर आहे, त्याला काहीच का बोलत नाहीस? तर म्हणाला, मोहाचे मूळ बाईच्या तोंडावर असते. डोक्यावरून पदर ओढ आणि विधवांच्या बाकावर बस, नाहीतर प्रभूची भाकर मिळायची नाही. परवा सभेत भाकर वाटताना मी हात पुढे केला, तर तो सरळ शेजारणीकडे वळला. आम्ही सगळे ती भाकर डबीतून घरी नेतो, रोज सकाळी आधी ती चाखतो, मग जेवतो. माझी डबी रिकामी आहे. सिद्दिनला मी सोडणार नाही. पण त्या भाकरीवाचून लग्नाच्या दिवशी घास कसा उतरेल?

मामीस नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपली प्रिमोसा

हाद्रुमेटम, एप्रिलचा पहिला आठवडा

चि. सौ. कां. प्रिमोसा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मामीला वाचून दाखवले. कणीक मळता मळता ती थांबली आणि म्हणाली, मग इतकी वर्षे मी या घरात कोण आहे? मी विधुर, ती विधवा. आमच्या लग्नाच्या पंगतीला हाच फेस्तियन होता. अंजिराच्या वड्या मागून मागून खाल्ल्या, आणि वधूवरांसाठी कविता म्हटली, तीही अर्ध्यात विसरला. तेव्हा त्याला ताटात व्यभिचार दिसला नाही. तुझी पहिली मामी दळताना गुणगुणायची, ते सूर अजून कानात आहेत. म्हणून हिच्यावरचा माझा जीव कमी झाला का? बाईचे मन केवढे असते हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याने त्यावर लेख लिहावेत आणि भाकरीवर पहारा बसवावा, याची मला चीड येते.

आमच्याकडे अजून कुणी भाकर अडवत नाही. या प्रभुवारी मी आणि मामीने आमच्या वाट्याची चाखली नाही, तुझ्यासाठी डबीत ठेवली आहे. पुढच्या गलबताने दोघे निघतो. लग्नाच्या सकाळी आधी ती चाख.

फेस्तियनला पंगतीचे आमंत्रण धाड. लेख बरोबर आण म्हणावे. मामीसमोर उभे राहून तो वाचायचा, मग पान वाढले जाईल.

तुझी डबी घासून ठेव.

तुझा मामा