पपनसाचा रस

३ मार्च
आले एकदाची ताईकडे! हे गेल्यापासून घर खायला उठायचं, आणि माझी कंबर जिना चढू देईना. ताईने भावजींची तळमजल्यावरची खोली दिलीय. आरामखुर्ची, मोठी खिडकी, बाहेर फळांनी वाकलेलं पपनसाचं झाड. भावजींना जाऊन वर्ष झालं. त्यांचीही कंबरच दुखायची, दुखण्यावरची गोळीसुद्धा माझीच. ताई म्हणाली, जन्मभर तुमचं दोघांचं एका गोष्टीवर पटलं नाही, शेवटी गोळीवर पटलं.

५ मार्च
गोळी कडू, म्हणून ताई तिच्यावर पपनसाचा रस देते. साल काढायची, पाकळ्या सोलायच्या, बिया वेचायच्या; पेलाभर रसाला अर्धा तास. लहानपणी मला ताप आला की हीच मांडीवर घेऊन औषध पाजायची. पेल्यात थेंब ठेवायचा नाही, ही शाळेतल्या नन्सनी लावलेली सवय साठीतही सुटत नाही. दुखणं किती हलकं झालंय!

९ मार्च
आता संध्याकाळच्या गोळीवरही रस. जेवताना घास हातात असतानाच डोळा लागला. ताई आधी हसली, कुंभकर्ण म्हणाली. मग डोळे पुसले. भावजीही शेवटी असेच झोपायचे म्हणे.

१२ मार्च
गोळ्या आणायला गेले. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी माझे डोळे निरखले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात म्हणाल्या, गोळी कशाबरोबर घेता विचारलं. मी कौतुकाने रसाचं सांगितलं. त्या हातातलं काम टाकून जवळ आल्या. पपनसाने ही गोळी अंगात साचत जाते. आधी झोप वाढते, मग श्वास मंदावतो. गोळी मनाने बंद करू नका, रस आजच बंद करा, आणि लगेच डॉक्टरांना गाठा.
दुकानाच्या पायरीवरच बसले. भावजी झोपेत गेले. सुटले बिचारे, असं सगळे म्हणालो होतो. आणि ताई अजून अभिमानाने सांगते, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्या हातचा रस घेतला.

१३ मार्च
ताईला सांगितलं नाही. कळलं तर ती जगेल कशी? रस गुपचूप मोरीत ओतला. आजच डॉक्टरांकडे निघाले तर ती कारण विचारेल; काहीतरी निमित्त काढून उद्या जाईन.

१४ मार्च
रस ओतताना तिने पाहिलं. रागावली नाही, रडली. भावजींनीही शेवटी रसाला असंच तोंड फिरवलं होतं म्हणे. मग ती त्यांना चमच्याने पाजायची.
मलाही पाजला. तेच मऊ हात. नाही म्हणवेना—

१५ मार्च
उठवत नाही. श्वास मोजतेय. एक— मग कितीतरी वेळाने दुसरा.
स्वयंपाकघरातून सालीचा वास. आज सांगायलाच हवं. पण तिचं काय—

दुपार
आली. पेला, चमचा. उशी सारखी केली, केसांवरून हात फिरवला. जीभ जड— बोलता येत नाही. विचारतेय, एवढं काय लिहितेस गं.
लिहूनच दाखवते.
ताई, तुझा दोष नाही. तुला ठाऊक नव्हतं. तो रस भावजींना—