उड्या मारणारे तुकडे आणि कोपरगावची गाडी

आये, मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगताच आलं नाही. सांगायला बसले की तू म्हणायचीस, "किडंच बघतीस नव्हं? मग बघ की, मला कशाला सांगतीस?" किडे नव्हेत गं, जीवाणू. दह्यात असतात तसले, डोळ्यांना न दिसणारे. कसं जगायचं ते सगळं त्यांच्या पोटातल्या एका लांब धाग्यात असतं, आणि त्या धाग्यातले काही तुकडे असे भटके की एका जागी त्यांना बसवतच नाही. उठायचं नि दुसरीकडे जाऊन घुसायचं. एखाद्या गरजेच्या कामाच्या मधोमध घुसला तर ते काम बंद, आणि जीवाणूचा कारभार आटोपला. म्हणून त्यांच्यावर दाब असतो. तुकड्याला हलवणारं प्रथिन जीवाणू अगदी चिमूटभरच बनू देतात. कधी कधी तर तुकडा स्वतःच स्वतःचा लगाम बनवतो. पण कायमचं कुणी बांधून ठेवत नाही. उपासमार आली की काहींचा लगाम सैल पडतो, आणि एखाद्या जीवाणूचा त्यातून निभावही लागतो.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या पाथर्डीकडचं निम्मं गाव ऊस तोडायला कोपरगावला निघालं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि धाकटं सांभाळायला थोरली लेक बरोबर न्यायची, हा रिवाजच होता. थोरली मी. बैल जुंपलेत, मी सगळ्यांच्या आधी गाडीत चढून पिठाच्या डब्यावर बसलेय, मांडीवर धाकटा भाऊ. तू येतेस, त्याला उचलून घेतेस आणि म्हणतेस, "उतर. तू आत्याकडं ऱ्हायाचंस." बा म्हणतो, "येऊ दे की. पोराला कोन बघल?" "मी बघन. फडाच्या कडंला झोळी बांधन. आज ही आली की पुढल्या सालीबी येनार, मग हिची पोरंबी. समदीच हालायची न्हाईत." मी गाडीचं लाकूड दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तशी फाडकन थोबाडीत दिलीस. आत्यानं मला ओढत घरात नेलं. हंगाम संपवून तू परत आलीस तेव्हा उसाच्या पाचटानं तुझे हात चिरलेले होते, आणि मी जवळसुद्धा फिरकले नाही. तू हसलीस. "लई राग आलाय व्हय? असू दे. शाळंला जातीस न्हवं?" जात होते. तुझ्यावरचा राग काढायला पाढे घोकत होते.

पुढं शिकले, या तुकड्यांच्या मागं लागले. एकदा एका जातीच्या तुकड्यांचा लगामच काढून टाकला. म्हटलं, बघू तरी, मोकळं सोडल्यावर काय गंमत करतात! सकाळी बशी उघडून पाहिलं तर जीवाणूंची दाट वाढ असायला हवी तिथं चारदोन फिकट ठिपके. शिकवणारे सर म्हणाले, "सगळेच हलायला लागल्यावर काय उरणार?" आई गं, माझ्या कानात तुझाच आवाज! गाल हुळहुळल्यासारखा झाला. रडू आलं, आणि त्याहून जास्त तुझा राग आला. जीवाणूंचं एक बरं असतं, ज्याला अडवायचं त्याला थोबाड नसतं.

तुझं बरोबर होतं. उतरले म्हणून इथवर आले, धाकटा मात्र पुढं फडातच राबला. कुणीही विचारलं तरी मी हेच सांगते, आणि ते खरंच आहे. तुला वाचता येत नव्हतं, आता ऐकायलाही तू नाहीस, त्यामुळं हे कुठं धाडायचं नाही. म्हणूनच लिहायला धीर होतोय. मला तेव्हा शाळा नको होती गं. पाचटाच्या कोपीत राहणं, थंडी, चिखल, तू जवळ असतीस तर काहीही चाललं असतं. आणि एवढं सगळं कळूनसुद्धा, आज कुणी पुन्हा निवडायला सांगितलं ना, तर मी गाडीतच बसेन.