काळीनं निवडलेली गोधडी

शुक्रवार, रात्री उशिरा

लिही वं पिंके, मी बोलते तसंच लिही. नात आहेस म्हणून माझी बाजू गोड करू नको.

आपली गाभण कुत्री काळी दुपारपासून माझ्या खाटेखाली गोधडी उकरून राहिली होती. नातसुनेच्या होणाऱ्या बाळासाठी शिवलेली गोधडी! "माणसाच्या लेकराची आहे, तुह्या पिल्लायची नाही," म्हणत मी तिले न्हाणीत कोंडलं. चार बाळंतपणं काढलेली बाई मी, अन् ती पिल्लायसाठी जागा करून राहिली हे मले समजू नये? माझ्या सासूनं मले असं कोंडलं असतं, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

न्हाणीत काळीच्या कळा सुरू झाल्या अन् मधातच थांबल्या. हिरवं पाणी गेलं, पण पिल्लू येईना. तू रडत ढोरायच्या डॉक्टरले बोलावलं. त्यानं अडकलेलं पिल्लू हळूच काढलं. खूप चोळलं, पण ते हललं नाही.

"कुत्री भेदरली की कळा थांबतात," डॉक्टर म्हणाला. "आजी, हिले जागेवरून कोणी हलवलं काय?"

"तिच्या मनानंच गेली असंल," मी म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलं.

मग गोधडी मीच अंथरली. तिच्यावर तीन पिल्लं झाली, तिन्ही जिवंत. काळीनं माझा हात चाटला. चावली असती तर बरं वाटलं असतं.

उद्या डॉक्टरले फोन लाव. लावायचा तू, खरं सांगीन मी.