ढकलायचं नाही

९ एप्रिल २००६, रविवार
ठरलं. दोन्ही पोरांना पोहता आलं पाहिजे, आणि तेही ऑक्टोबरच्या आत. वेलचेरीत सखल भागात घर घेतलंय, आणि इथला ऑक्टोबरातला पाऊस काही आपली सोय बघून येणार नाही. गेल्या पावसात अविने केदारला खांद्यावर बसवून मेन रोडपर्यंत नेलं, तेव्हा पाणी अविच्या छातीला लागत होतं. तेव्हापासून हा आठ वर्षांचा घोडा डोक्यावरून पाणी घेत नाही. केस धुवायचे म्हटलं की मान मागे, डोळे घट्ट आणि घरभर बोंब. बीचवर नेलं तर पार रस्त्याजवळ वाळूत बसतो.

मुक्ताचं तसं नाही. ती अकराची, तिला फक्त कोणी हो म्हणायचा अवकाश.

पूलवाला म्हणतो बॅच भरली, जूननंतर बघू. अविला आनंदच झाला. "पूलमध्ये काय शिकायचं? विहीर शोध." सांगलीचा ना. बँकेने मद्रासला पाठवला तरी मनाने विहिरीच्या काठावरच बसलेला. म्हटलं, शोधते.

१२ एप्रिल, बुधवार
विहीर मिळाली! समोरच्या पाट्टींकडे, म्हणजे आजींकडे, सहज विषय काढला. पाट्टी तंजावरकडच्या, घरात मराठी. पण ती अशी की आमची मराठी तिच्यापुढे काल जन्मलेली वाटते.

"विहीर होय? आमच्या भावाकडं आहे की. सिरुसेरीच्या पल्याड, तोपांत. आंब्याचा तोप. पोरांस घेऊन जा. मी फोन करून सांगतें."

तोप म्हणजे बाग, आणि भाऊ म्हणजे मामा. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून आम्हीही.

१६ एप्रिल, रविवार
फजिती. अविने सांगितलं होतं, पाठीला वाळका भोपळा बांधायचा, मग पोर बुडत नाही. त्यांच्याकडे सगळे तसेच शिकले. मी बाजारात हातवारे करून मोठा, गोल, जड असा एक आणला आणि बाल्कनीत सुतळीने टांगला, वाळू दे म्हणून. आज सकाळी बघते तर त्याला मिशा! डोळे, सुळे, लाल जीभ. वॉचमनने बाहेरून शिडी लावून रंगवला. त्याला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय आणि मॅडमना चेहरा काढता येत नाही. बिचाऱ्याने मन लावून काढलाय.

अवि हसून हसून बेजार. "अगं हा कोहळा आहे! आणि भोपळा असता तरी वाळायला दिवाळी उजाडली असती."

पाट्टी म्हणाल्या, "कुडम बांध की. कशास एवढं?" इथे नळावर रांगेत असतात त्या रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी. तोंड घट्ट बंद करून पालथी बांधायची. मुक्ताला निळी, केदारला हिरवी आणली. केदारने हिरवी कॉटखाली ढकलून दिली.

२३ एप्रिल, रविवार
पहिला दिवस. पहाटे निघालो, शेअर ऑटो, मग बस. रस्ताभर खणलेलं, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहतायत. मग एकदम आंब्याची झाडं.

विहीर चौकोनी, मोठी, आत भिंतीतून निघालेल्या दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. पाणी हिरवं आणि गार. मामा सत्तरीचे असतील, वेष्टी, म्हणजे इकडची लुंगी, गुंडाळून लंगोट कसला आणि वरून धाडकन उडी. पाणी काठापर्यंत उडालं. केदार लांब झाडाखाली जाऊन उभा राहिला.

मुक्ता घागर बांधून उतरली. ओरडली, पाणी प्याली, खोकली, परत ओरडली. अवि हाताला धरून फिरवत होता. तासाभराने ती बाहेर यायला तयार नाही.

केदारजवळ गेले. तो म्हणाला, "बाबा मला ढकलणार ना? त्यांनी सांगितलं, त्यांच्या काकांनी त्यांना ढकललं होतं."
"कोणी ढकलणार नाही."
"प्रॉमिस?"
"प्रॉमिस. तू स्वतः उतरशील तेव्हाच."

मी काठावर कपडे सांभाळत बसले होते. माहेरी मिरजेलाही हेच काम. भाऊ विहिरीत, आणि मी वर त्यांच्या चड्ड्या-बनियनच्या ढिगाशेजारी. मुलींनी उतरायचं नाही. तेव्हा राग यायचा का, आठवत नाही. आज आला.

३० एप्रिल, रविवार
केदार झाडापासून काठापर्यंत आला. काठापासून पहिल्या पायरीपर्यंत. तिथेच बसून राहिला, गुडघ्यांत हनुवटी. पाणी बरंच खाली. पण मागच्या रविवारी तो झाडाखाली होता! मला पुरे.

अविला नाही पुरत. बसमध्ये म्हणाला, "असा पायरी-पायरीने शिकला तर लग्नात पोहेल." मुक्ता फिदीफिदी हसली. केदार खिडकीबाहेर बघत होता.

मी अविला हळूच, पण नीट, सांगितलं. ढकलायचं नाही.
"बरं बाई."

७ मे, रविवार
ढकललं.

केदार स्वतःहून तीन-चार पायऱ्या उतरला होता. घागर बांधून घेतली होती, स्वतःहून! मी वर मुक्ताचं डोकं पुसत होते. अवि त्याच्या मागे उभा होता. एकदम आवाज आला. वळून बघते तर पायरीवर अवि एकटाच.

वर आला, अर्थात. घागरीने आणलाच असता, शिवाय मामा पाण्यातच होते, त्यांनी लगेच धरला. बुडण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याचं ते तोंड. ओरडलासुद्धा नाही. मामांच्या गळ्याला मिठी, आणि माझ्याकडे बघत होता. बाबांकडे नाही, माझ्याकडे.

अवि म्हणत राहिला, "अगं, सगळे असेच शिकतात. बघ, काही झालं का?"
मामा रागाच्या भरात मराठी सोडून तमिळमध्ये त्याला काहीतरी बोलले. मला कळलं नाही, पण बँकेत तमिळ शिकलेला अवि पायऱ्या चढून वर आला.

बसमध्ये केदार माझ्या शेजारी बसला नाही. मुक्ताच्या शेजारी बसला.

८ मे, सोमवार
अविशी भांडले. खूप. तो म्हणाला, "मला वाटलं एकदा पाण्यात गेला की भीती जाईल. माझी गेली होती." मी विचारलं, गेली होती की तू कोणाला सांगितली नाहीस? तो बॅग उचलून बँकेत गेला. संध्याकाळी बँकेतून येताना केदारच्या आवडीचं टेंडर कोकोनट आइसक्रीम आणलं. केदारने मुक्ताला देऊन टाकलं.

मला अविचा राग आहेच. पण प्रॉमिस मी केलं होतं.

१४ मे, रविवार
कोणी गेलं नाही. केदार म्हणतो, "वेंडाम." तमिळमधलं नको. काहीही विचारा, वेंडाम. जेवायला? वेंडाम. क्रिकेट? वेंडाम. मुक्ता चिडली, तिला हातपाय मारता यायला लागलेत आणि तिचा रविवार फुकट. उन्हाने जीव नकोसा झालाय.

सोडून द्यावं का, असा विचार आला. मग गेल्या पावसातलं ते पाणी डोळ्यांपुढे आलं. नाही. सोडायचं नाही.

१७ मे, बुधवार
डोक्याला तेल लावताना केदार बोलला.

"आई, तुला येतं का पोहायला?"
"नाही."
"मग मला का सांगतेस?"

खरंच की. याला उत्तर द्यायचं म्हणून बरंच काही सुचलं. तुझं वय आहे, आमच्या वेळी मुलींना, वगैरे. एकही त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"मी उतरले तर येशील?"
विचार करून म्हणाला, "बाबा नको. तू उतर. मी बघीन."

नुसतं बघायला येतोय. चालेल.

अविला सांगितलं, या रविवारी तू येऊ नकोस. त्याचं तोंड एवढंसं झालं. पण हो म्हणाला.

२० मे, शनिवार
पाट्टींना सांगितल्याशिवाय राहवेना. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "पुडवै नेसून उतरूं नको हां. पायांत गुंडाळतें ती." आणि जुन्या पंजाबी ड्रेसचा टॉप इस्त्री करून ठेवला मी, इस्त्री! विहिरीत उतरायला. भीती वाटतेय. लिहून टाकते. खूप भीती वाटतेय.

२१ मे, रविवार
गेलो. तिघंच.

मामा पाण्यात, मुक्ता पाण्यात. मी पायरीवर. हिरवी घागर माझ्या पाठीला. गाठ केदारने मारली. ओढून बघितली, सोडली, परत मारली. मग म्हणाला, "हात वर कर." केले. "हलतेय का?" नाही हलत.

पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत गेले. पाय घातले. मग काही केल्या पुढे होईना. खालचं काहीच दिसत नाही त्या पाण्यात. मुक्ता ओरडतेय, "ये ना गं आई!" मामा हात पुढे करून थांबलेत. मी दगडाला धरून उभी, चाळिशीला टेकलेली बाई. पोराला काय वाटत असेल ते त्या मिनिटाला मला कळलं.

वरून केदारचा आवाज आला. "आई, भीती वाटते?"
"हो."
"मग नको उतरू."
"उतरणार आहे. भीती वाटत असली तरी."
"मी ढकलू?"
"नाही. खबरदार!"

आणि सोडून दिला दगड.

नाकातोंडात पाणी. कानात घुं. वर कुठे, खाली कुठे, काही नाही. मग घागरीने मानेला हिसका देऊन वर आणलं. खोकतेय, हात कसेही मारतेय, मामांचा हात लागला का बघतेय, तर मनगट धरलं ते दुसऱ्याच कोणीतरी. छोटा हात. केदार! शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा, एका हाताने दगड आणि दुसऱ्याने मी. घागर नाही, काही नाही. रडत होता आणि ओढत होता.

"पकड, आई! पकड ना!"

पकडलं. आपण पाण्यात उभे आहोत हे त्याला कळलेलं नव्हतं. मी सांगितलं नाही. मामांनीही नाही. मुक्ता तोंड उघडणार होती, तिला मी डोळे वटारले.

बसमध्ये माझ्या शेजारी बसला. चड्डी ओली होती, ती पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता.

२२ मे, सोमवार
मान धरलीय, खांदे धरलेत, गालाला दगडाचं खरचटलंय. अविने सकाळचा डबा केला. डाळीत मीठ जास्त, पण केला.

रात्री जेवताना केदार माझ्यावर तडकला. "परत असं करायचं नाही. तुला येत नाही तर कशाला उडी मारतेस?"
"शिकायचंय मला. ऑक्टोबरच्या आत."
"आणि बुडालीस तर? मामा म्हातारे आहेत. ताई हसत बसते."
"मग?"

तो भाताशी खेळत बसला. "मग कोणाला तरी यायला पाहिजे ना पोहायला. नीट."

मी त्याच्या भातावर डाळ वाढली. अविने ताटातून मान वर केली.

"पण बाबा ढकलणार," केदार म्हणाला. माझ्याकडे बघून, बाबांकडे नाही.

अविने घास खाली ठेवला. "नाही ढकलणार. चुकलं माझं, केदार."

पहिल्यांदाच म्हणाला हे. माझ्यासमोरसुद्धा नव्हता म्हणाला.

केदारने बाबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, काल माझ्या पाठीवरची गाठ ओढून बघितली होती तसं. मग ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.