बाटलीत दारू होती असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
राज्य उत्पादन शुल्क,
गडचिरोली.

अर्जदार : सौ. मनकर्णा देवराव उंदिरवाडे, अध्यक्ष, महिला दारूबंदी समिती, रा. आरमोरी.

विषय : सोबत जोडलेल्या विदेशी लाल वाईनच्या बाटलीची तपासणी करून तीत दारू होती असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : अवैध दारू पकडण्याबाबत माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, आपले कार्यालय मला ओळखते. मागील प्रत्येक अर्जात दारू शोधून नष्ट करावी अशी माझी विनंती असे. या अर्जात ती फक्त सापडावी एवढीच विनंती आहे. वाचून आपणास हसू येईल, त्याला माझी हरकत नाही.

१. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून पुण्यात नोकरीला असलेली आमची मुलगी साक्षी हिने फोनवर आग्रह धरला की, त्या दिवशी आईबाबांनी पेलाभर रेड वाईन घ्यावी, सगळे घेतात, त्याला पिणे म्हणत नाहीत. आमच्या घरी रोज पंचशील म्हटले जाते व पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. तरीही लेकीच्या हौसेपुढे मी नरमले. आपल्या जिल्ह्यात बंदी असल्याने आम्ही चंद्रपूरला गेलो.

२. तेथील एका मोठ्या किराणा दुकानात शेवया आणि व्हिनेगर यांच्या मधल्या फळीवर विदेशी वाईनच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. अशी वस्तू किराण्यात उघड्यावर कशी, हे एरवी मी दुकानदाराला खडसावून विचारले असते. त्या दिवशी विचारले नाही. माझे पती आलापल्लीच्या लाकूड आगारात नोकरीला होते. सागाचा लठ्ठा निवडावा तशी त्यांनी बाटली निवडली. उजेडासमोर धरली, बुडाचा खळगा बोटाने चाचपला, चष्मा लावून मागची बारीक अक्षरे बराच वेळ वाचली. इटलीची बाटली महाग होती. फिरकीच्या झाकणाची स्वस्त होती, पण तसले झाकण मी धाडींमध्ये पुष्कळ पाहिले असल्याने मीच ती नाकारली. शेवटी स्पेनची, बूच असलेली, खिशाला झेपणारी बाटली त्यांनी पक्की केली.

३. परतीच्या बसमध्ये बाटली मुरमुऱ्याच्या पिशवीत माझ्या मांडीवर होती. वैनगंगेच्या पुलावर तपासणीसाठी बस थांबली तेव्हा दारूबंदी समितीच्या अध्यक्षांना दरदरून घाम फुटला होता. पती मात्र खिडकीला डोके टेकून गाढ झोपले होते. खिशात तिकीट असूनही तपासनीस चढला की ज्याचा जीव खालीवर होतो, असा हा माणूस. मला त्या वेळी त्यांच्या धैर्याचे कौतुक वाटले.

४. जेवणानंतर आम्ही ती स्टीलच्या पेल्यांतून घेतली. दुसऱ्या पेल्याला मला चढली, निदान मला तसे वाटले. डोके हलके झाले आणि जे इतक्या वर्षांत तोंडावाटे निघाले नव्हते ते मी बोलून गेले :

"तुमच्याबिगर दुसरा कोनी मले चाललाच नसता."

त्यावर पती पेल्याकडे पाहत जे बोलले ते जसेच्या तसे नमूद करते :

"मी त मोठीले पाहाले आलो होतो. तुह्या बापानं तुले पुढं केलं. त्या दिवशी नाई म्हनाची हिंमत झाली नाई, मंग ते राहूनच गेलं."

मोठी म्हणजे माझी थोरली बहीण रुखमा. सकाळी पतींनी कपाळ दाबत सांगितले की, काल फार चढली होती, काय बोललो ते आठवत नाही. मी त्यांना चहा दिला.

५. समितीत बायका येतात आणि म्हणतात की माणूस चांगला आहे, बोलते ती दारू. अशा प्रत्येकीला मी झाडले आहे की, दारूवर ढकलू नकोस, बोलला तो तुझा नवराच. त्या सकाळी मात्र मी स्वतः सगळे दारूवर ढकलून मोकळी झाले आणि मला फार बरे वाटले. दारूचा हा उपयोग मला आधी ठाऊक नव्हता.

६. बाटली दिसायला देखणी, म्हणून तीत मनीप्लांट लावायचे ठरवून रात्रीची भांडी घासण्याआधीच मी ती बुचासकट पाण्यात भिजत घातली. दुकानाने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी सुटून आली. तिच्याखाली इंग्रजीत छापले होते की, यात अल्कोहोल शून्य टक्के आहे. मागच्या बारीक अक्षरांतही तेच लिहिलेले होते, जी पतींनी दुकानात चष्मा लावून वाचली होती. म्हणजे किराणावाल्याने कायदा मोडला नव्हता, मी शील मोडले नव्हते आणि पुलावर घाबरण्यासारखे काही नव्हते. मी बाटली पुसून कपाटात ठेवली.

७. मागल्या आठवड्यात रुखमाबाई आमच्याकडे आली. पतींनी तिला खुर्ची दिली व देण्याआधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. तिला बिचारीला यातले काही माहीत नाही. गुडघ्याचे दुखणे सांगून ती दुपारच्या बसने गेली. साहेब, माझा विश्वासघात झाला आहे आणि तक्रार कोणाविरुद्ध करावी हे मला कळत नाही. माझे शील मोडू नये म्हणून त्यांनी ती बाटली निवडली, की शुद्धीत राहून नशेचे सोंग घेता यावे म्हणून निवडली? हे विचारण्याची हिंमत मलाही होत नाही.

८. तरी विनंती की,

(अ) बाटलीच्या तळाशी उरलेला चमचाभर द्रव प्रयोगशाळेत तपासण्यात यावा. छापणाऱ्याची चूक होऊ शकते.

(ब) दारूचा अंश, कितीही थोडा, आढळल्यास तसा सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा.

(क) त्यानंतर बंदीच्या जिल्ह्यात दारू आणल्याबद्दल आम्हा दोघांवर गुन्हा दाखल करावा. मी अध्यक्षपद सोडीन. वर्तमानपत्रात फोटो आला आणि साऱ्या आरमोरीच्या बायका हसल्या तरी चालेल. कोर्टात मी त्यांच्या शेजारी आनंदाने उभी राहीन.

(ड) अंश न आढळल्यास कृपया उत्तर पाठवू नये. मी उत्तराची वाट पाहत राहीन, तेवढे मला पुरेल.

आपल्या कार्यालयाची जुनी व नम्र अर्जदार,

(सही)
मनकर्णा देवराव उंदिरवाडे
आरमोरी, दि. १९/०२/२०२४

सोबत :
१. बाटली, बुचासह.
२. सुटून आलेली किमतीची चिठ्ठी.
३. स्टीलचा पेला, पतींचा, न धुतलेला.

टीप : माझा पेला जोडलेला नाही. मी जे बोलले त्याच्या तपासणीची आवश्यकता नाही.