चिखलातली टाच

१३ मार्च
आज खोदकामात अकरावं पोर निघालं. अकरावं! ब्रशनं वाळू झाडत होते, तर आधी केस दिसले. काळेभोर, अजून चोपून बसवलेले. तोंडाला तांबडा रंग. छातीच्या हाडावर आडवा काप. शेजारी लामाचं पिल्लू, तेही तसंच कापलेलं.

खोदकामाच्या डॉक्टरीणबाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "आठ-नऊ वर्षांची मुलगी. खाऊनपिऊन चांगली होती." पाच-सहाशे वर्षांमागं समुद्र फिरला, पाऊस थांबेना, म्हणून देवाला दिली म्हणे.

खाऊनपिऊन! मेल्यांनो, रंग कुणी लावला? केस कुणी विंचरले? आयांनीच ना! हात धजले कसे?

१४ मार्च
ग्रिमानेसाचा निरोप आला. रविवारी सकाळच्या बसनं माझ्या ओतीला लिमा शहरात नेणार. ओतीच्या बारशाला हिनंच तिला हातात धरलं होतं, म्हणून धर्माची आई.

नवरा असुन्सिओन तर खूश! "समुद्राचं पाणी तापलंय, जाळ्यात मासा नाही. तिकडं पोर दोन वेळ जेवेल, शाळेत जाईल."

शाळा! खोदकामावरच्या मेल्चोरकाकांची भाची अशीच गेली होती. सहा वर्षं लोकांच्या पोरांचे लंगोट धुतले तिनं, फळा काही दिसला नाही. मी तसं म्हटलं.

"धर्माची आई आहे ती. परकी आहे का?"

 

१६ मार्च
वाळूखाली वाळलेला चिखल लागला. त्यात पावलं — लहान, अनवाणी, एका ओळीत. बाजूनं मोठ्या माणसाच्या चपला. एके ठिकाणी लहान टाच खोल रुतलेली, पुढं घसरलेली.

मेल्चोरकाका प्रत्येक मढ्यासाठी सिगारेट पेटवून वाळूत खोचतात, वर एखादा चावट विनोद करतात. आज विनोद नाही. "पोर अडली होती बघ, दोमी. ओढलीय तिला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं ठाम सांगता येणार नाही.

नका सांगू! माझ्या घरी आठ वर्षांची आहे. मला कळते टाच.

१७ मार्च
ओती विचारत होती, "लिमाला समुद्र आहे ना गं?" आहे म्हटलं.

१८ मार्च
नाही पाठवणार. ठरलं! नवऱ्याला तोंडावर सांगितलं.

"मग काय घालशील खायला? वाळू?"

वाळू घालीन! त्या बायांसारखी मी नाही. माझी पोर मी देत नाही.

१९ मार्च, रविवार
ग्रिमानेसा नवे बूट घेऊन आली. अख्खी गल्ली दारात. सगळ्यांदेखत तिला परत कशी पाठवू? आणि चूल तिसऱ्या दिवशीही गारच.

केस मीच विंचरले. ओती बूट घालेना. शिंपलेल्या अंगणात, फाटकापाशी अडली.

मी ओढली.

अंगण अजून झाडलं नाही.